बेचक्याच्या वरची फांदी

एंजल ट्रम्पेटचं रोप नर्सरीतून घेतलं की पिशवीला एक चकचकीत चिठ्ठी लटकवलेली असते. तिच्यावर वीतभराहून लांब, फिकट पिवळी फुलं खाली तोंड करून झुलताना दिसतात. मागच्या बाजूला नाव आणि किंमत. झाड मुळापासून बियांपर्यंत विषारी आहे, हे तिच्यावर लिहिलेलं नसतं. लातूरच्या मे महिन्यात त्याचं काय करायचं, हे नसतं. ज्या फांदीपासून रोप केलं ती झाडाच्या कोणत्या भागातली होती, हेही नसतं. या चिठ्ठीबद्दल माझी तक्रार आहे. ती लहान आहे, पण मी ती पूर्ण मांडणार आहे, कारण या झाडापायी होणारे माझे बाकीचे बहुतेक त्रास त्या कोऱ्या जागेतूनच आले आहेत.

आधी झाडाबद्दल. शास्त्रीय नाव ब्रुगमॅन्सिया. मूळ घर दक्षिण अमेरिका. बहुतेक जाती अँडीजच्या उतारांवरच्या, एक ब्राझीलच्या आग्नेय भागातली. लिनियसने 1753 मध्ये यातल्या एका जातीची नोंद धोतऱ्याच्या प्रजातीत केली, आणि 1805 मध्ये पर्सून या वनस्पतिशास्त्रज्ञाने ही झाडं धोतऱ्यापासून वेगळी काढली. यातली एकही जात आज रानात आपल्या मूळ रूपात उरलेली नाही. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत या सगळ्या जातींपुढे 'रानात नामशेष' अशी नोंद आहे. यांची फळं खाऊन बी दूर नेणारा प्राणीच कधीकाळी संपला असावा, असा अभ्यासकांचा तर्क आहे. उटी-कोडाईकॅनॉलच्या रस्त्याकडेला जे मोकाट वाढलेलं दिसतं, तेही कधीतरी कुणाच्या तरी बागेतूनच निसटलेलं. म्हणजे हे झाड जगात टिकून आहे ते माणसं एकमेकांना फांद्या देतात म्हणून. फांदी कुठून कापायची, कधी लावायची, कुणाला द्यायची, याबद्दल मी इतकं का बोलते, असं घरचे विचारतात. मला वाटतं, ज्या झाडाला आपल्याशिवाय कुणी नाही, त्याच्याबद्दल एवढं बोलायलाच हवं.

आता चिठ्ठीवर नसलेली पहिली गोष्ट, हंगाम. या झाडाविषयी जे काही वाचायला-बघायला मिळतं त्यात थंडीची धास्ती असते. हिमवर्षावाआधी छाटा, कुंडी तळघरात न्या, वसंतात बाहेर काढा, असं सांगतात. ते त्यांच्या देशात बरोबर आहे. लातूर समुद्रसपाटीपासून 600 मीटरच्या आसपास, बालाघाटाच्या पठारावर आहे. इथे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री गारठा पडतो आणि या झाडाला तो गारठा मानवतो. त्याचं वैर एप्रिल-मेशी. पारा 40 च्या वर गेला की कळ्या बोटभर झाल्यावर पिवळ्या पडून गळतात, नवी पानं बारीक येतात आणि झाड जेमतेम जीव धरून राहतं. त्यामुळे आपल्याकडे त्याचं वर्ष उलटं मोजायला हवं. पावसाळ्यात वाढ, दसऱ्याच्या सुमाराला कळ्या, दिवाळीपासून होळीपर्यंत फुलं, आणि नंतर मृगापर्यंत विश्रांती. युरोपातला माणूस जी काळजी जानेवारीत घेतो ती आपण मे महिन्यात घ्यायची. उन्हाळ्यात कुंडी पूर्वेच्या भिंतीला सरकवायची, वर हिरवी शेडनेट बांधायची, खत थांबवायचं, फुलांची अपेक्षा ठेवायची नाही. एवढं साधं आहे. पण हे मराठवाड्यासाठी म्हणून कुणी सांगत नाही, आणि नर्सरीवाला मार्चच्या शेवटी, झाड फुलांनी भरलेलं असताना, ते ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर गिऱ्हाइकाच्या हातात देतो. जून येईपर्यंत कुंडीत काडी उरते आणि माणूस म्हणतो, हे झाड लातुरात येत नाही. येतं. त्याला विकण्याचा महिना चुकला.

पाण्याचा विषय लातुरात कुणी सहज काढत नाही, मीही काढणार नाही. 2016 चा उन्हाळा इथल्या माणसाच्या अंगात मुरलेला आहे. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांजवळ गर्दी होऊ नये म्हणून जमावबंदी लागली. 12 एप्रिलला मिरजेहून 'जलदूत' रेल्वे पहिल्यांदा आली, 10 वाघिणी, सुमारे 5 लाख लिटर पाणी; पुढे 50 वाघिणींची गाडी येऊ लागली. त्या गावात, मोठमोठ्या मऊ पानांचं, भर उन्हाळ्यात दिवसाला बादलीभर पाणी मागणारं झाड दारात ठेवायचं, तर विचारणाऱ्याला उत्तर द्यावंच लागतं. समोरच्या काकू दर उन्हाळ्यात विचारतात, "ताई, फुलझाडाला इतकं पाणी घालायलाव, नळ येऊन किती दिवस झाले?" हा प्रश्न मला बोचतो, पण तो विचारण्याचा त्यांना हक्क आहे. माझी तक्रार प्रश्नाबद्दल नाही. उत्तर ऐकायला त्या थांबत नाहीत, त्याबद्दल आहे.

उत्तर असं आहे. उन्हाळ्याआधी एक तृतीयांश फांद्या छाटल्या की पानं कमी होतात आणि तहानही कमी होते. कुंडीतल्या मातीवर चार बोटं सोयाबीनचं भुसकट किंवा उसाचं पाचट अंथरलं की ओल टिकते. भाज्या, डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी एवढ्याला पुरतं. नळाच्या हंड्याला हात लावावा लागत नाही. लातुरात सोयाबीनच्या भुसकटाला तोटा नाही. पण आच्छादन घातलं की घरात येणारा प्रत्येक पाहुणा ते उचलून बघतो, "कचरा साचलाय" म्हणतो, आणि एखादा कामसू पाहुणा झाडून काढूनही टाकतो. चांगल्या मनाने केलेलं काम असतं, त्यामुळे बोलताही येत नाही. दुसऱ्या दिवशी माती भेगाळलेली असते.

पाण्याच्या बाबतीत घरच्यांच्या चांगुलपणाचा याहून जास्त त्रास आहे. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी कुंडीत ओतलं जातं. आपल्याकडच्या बोरचं पाणी मुळातच जड. कूलरमध्ये त्यातलं पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, आणि तळाशी उरलेलं ते दाट खारं पाणी झाडाच्या मुळाशी जातं. पाणी शुद्ध करायच्या मशीनच्या बारक्या नळीतून जे वाया जाणारं पाणी येतं, त्यातही क्षार जास्त असतात. ते फरशी पुसायला वापरावं. एसीतून ठिबकणारं पाणी मात्र जवळजवळ पावसाच्या पाण्याइतकं मऊ असतं. ते झाडाला चालतं, आणि नेमकं तेच पाणी सगळे गटारात सोडतात. मातीच्या कुंडीवर बाहेरून पांढरा थर धरतो तो या क्षारांचाच. तो घासून काढून कुंडी लख्ख करणं हा उपाय नाही. पहिल्या चांगल्या पावसात कुंडी उघड्यावर ठेवून खालून पाणी वाहू द्यायचं, म्हणजे क्षार धुऊन जातात.

दुपारचे दोन ही या झाडाची वाईट वेळ. मातीत ओल असतानाही पानं माना टाकतात, कारण पानांतून उडणारं पाणी मुळांना त्या वेगाने वर पाठवता येत नाही. ऊन उतरलं की झाड आपोआप सावरतं. पण दुपारी दारावरून जाणाऱ्या कुणालाही ते बघवत नाही. शेजारची मुलं, दूधवाला, इस्त्रीवाला, सगळे हळहळतात, आणि मी घरात नसेन तर कुणीतरी तांब्याभर पाणी ओतून जातं. भिजलेल्या मातीत आणखी पाणी, वर तापलेली कुंडी. मुळं सडतात आणि मग झाड खरोखरच माना टाकतं. बोटाच्या दोन पेरांइतकं खाली मातीत बोट घालून बघावं. कोरडं लागलं तरच पाणी द्यावं. हे मी एका पाटीवर लिहून कुंडीत खोचलं होतं. पाटी वाऱ्याने गेली. पुन्हा लिहीन.

मातीचं दुःख वेगळं. आपली काळी माती कापसाला, हरभऱ्याला, तुरीला सोनं आहे. कुंडीत ती भिजली की लोण्यासारखी चिकट होते आणि वाळली की आक्रसून कडेने सुटते. मग वरून घातलेलं पाणी कडेच्या भेगेतून सरळ खाली निघून जातं आणि मधली मुळं कोरडीच राहतात. शिवाय तिच्यात चुनखडी, सामू सात-आठच्या मधला किंवा त्याहून वर. अशा मातीत लोह असतं पण मुळांना ते घेता येत नाही. कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हे दिसलं की येणारा-जाणारा युरिया सुचवतो. युरिया हा त्यावरचा इलाज नाही. चिलेटेड लोह पानांवर फवारावं किंवा हिराकस अगदी पातळ करून द्यावं, आणि मुळात कुंडीत काळी माती एक वाटाही घालू नये. बीदरच्या पठाराकडची जांभ्याची लाल माती, चांगलं कुजलेलं शेणखत, कोकोपीट आणि जाड वाळू हे मिश्रण या झाडाला मानवतं. लाल मातीचं पोतं मागवलं तर ट्रॅक्टरवाला विचारतो, "काळी माती फुकट असताना लाल कशाला?" त्याला वाटतं मी फसतेय. तो प्रामाणिक माणूस आहे, आणि त्याला समजावून सांगण्यात माझा अर्धा तास जातो. मी सांगते.

खताच्या दुकानातही वेळ जातो. एंजल ट्रम्पेट अधाशी झाड आहे. वाढीच्या दिवसांत दर पंधरवड्याला त्याला खायला लागतं. एकोणीस एकोणीस एकोणीस हे विद्राव्य खत लिटरला एक-दोन ग्रॅम, आणि कळ्या धरायच्या वेळी पालाश जास्त असलेलं तेरा शून्य पंचेचाळीस, एवढ्यात वर्ष निघतं. कृषी सेवा केंद्रात गेलं की पहिला प्रश्न, "पीक कोणतं?" दुसरा, "किती एकर?" एक कुंडी म्हटलं की दुकानदार मागच्या शेतकऱ्याकडे वळतो. शेतकऱ्याचं काम आधी व्हावं हे मला मान्य आहे; पेरणीच्या दिवसांत तर मी दुकानात पाऊलही ठेवत नाही. पण हजारो घरांच्या गच्च्यांवर कुंड्या असलेल्या शहरात शंभर ग्रॅमची पुडी मिळायला हरकत काय आहे? किलोचं पाकीट फोडलं की ते आपल्या हवेत ओल धरून पावसाळ्यात दगड होतं. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं महाविद्यालय इथे लातुरात आहे. शेतीची जाण या गावाला भरपूर आहे. त्या जाणिवेतला चिमूटभर भाग कुंडीवाल्यांसाठी निघायला हवा.

लाल कोळी ही कीड उन्हाळ्यात कोरड्या हवेत येते. पानाच्या खालच्या बाजूला डोळ्याला जेमतेम दिसणारे ठिपके, बारीक जाळी, आणि वरून पान धुळकट, फिकट. धूळ समजून लोक वरूनच पुसतात. पान उलटून खालून पाण्याचा फवारा मारायचा, दोन-तीन दिवसांआड. मग निंबोळी अर्क. गंधक चांगलं, पण भर उन्हात फवारलं तर पानं करपतात. पावसाळ्यात हिरवी, जाडजूड, शेपटीला शिंग असलेली अळी दिसते, तिळावर येते तीच. ती हाताने वेचून दूर टाकावी. फवारू नये, कारण संध्याकाळी या फुलांवर येणारे मोठे पतंग अशाच अळ्यांपासून होतात, आणि फुलाला गंध आहे तो त्यांच्यासाठीच.

आता बेचक्याकडे येते. माझ्या सगळ्या तक्रारींत ही मोठी.

एंजल ट्रम्पेटचं रोप आधी एकच सरळ खोड घेऊन वाढतं. कमरेएवढं, कधी छातीएवढं झालं की शेंड्याला दोन फाटे फुटतात, इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचं बेचकं तयार होतं. पहिली फुलं त्या बेचक्यात येतात आणि नंतर वरच्या प्रत्येक फाट्यावर. बेचक्याच्या खाली फूल येत नाही. पानांवरूनही ओळखता येतं: खालच्या पानांचा देठाजवळचा भाग दोन्ही बाजूंनी सारखा असतो, वरच्या पानांची एक बाजू देठावर थोडी खाली उतरलेली असते. ही एवढी खूण ठाऊक असली की छाटणी आणि कलम दोन्ही बिघडत नाहीत. छाटायचं ते बेचक्याच्या वर चार-सहा पेरं ठेवून. त्याच्या खाली कापलं की झाड पुन्हा पहिल्यापासून सरळ खोड वाढवत बसतं, नवं बेचकं धरतं, आणि तोवर आपल्या हवेतली फुलांची थंडी निघून गेलेली असते. एका कात्रीत एक वर्ष जातं.

आमच्याकडे वर्षातून काही वेळा छाटणीला येणारे माळीमामा मेहंदीचं कुंपण आणि बोगनवेल सुंदर छाटतात. गुडघ्याएवढं ठेवायचं, की फुटवा चांगला, हा त्यांचा अनुभव, आणि गुलाबाला-बोगनवेलीला तो लागू आहे. "मामा, बेचक्याखाली कापू नका," असं मी दर वेळी सांगते. ते मान डोलावतात. मी चहा करायला आत जाते. बाहेर आल्यावर खोड गुडघ्याएवढं असतं आणि मामा मनापासून सांगतात, "आता बघा कसं फुटतंय." फुटतंही जोमाने. फुलं पुढच्या दिवाळीनंतर. मी खोडाला बेचक्याखाली लाल दोरा बांधून ठेवला. त्यांना तो नवसाचा वाटला. त्यांनी दोरा न कापता त्याच्या खाली कापलं. आता छाटणीच्या दिवशी मी चहा आधी करून ठेवते आणि झाडाशेजारी उभी राहते.

धोतऱ्याचा विषय टाळता येत नाही. "दारात धोतरा कशाला लावलाव?" हे मी इतक्यांकडून ऐकलं आहे की उत्तर पाठ झालं आहे. रस्त्याकडेच्या धोतऱ्याचं फूल वर किंवा तिरकं तोंड करून उभं असतं, याचं फूल खाली लोंबतं. धोतऱ्याचं फळ काटेरी गोल, याचं फळ धरलं तर लांबट आणि गुळगुळीत. धोतरा काही महिन्यांचं झुडूप, याला लाकूड होतं. दोघं एकाच कुळातले, वांगी-टोमॅटोचं जे कुळ तेच. ऐकणारे मान हलवतात आणि पुढच्या सोमवारी पुन्हा महादेवासाठी फुलं तोडतात.

आपल्या गावाचं ग्रामदैवत सिद्धेश्वर. महाशिवरात्रीला यात्रा भरते, तेव्हा झाड नेमकं ऐन बहरात असतं. पहाटे परडी घेऊन जाणाऱ्या मावश्या फाटकावरून हात घालून फुलं नेतात. देवाला फूल न्यायला मी नाही म्हणत नाही. मागितलं तर स्वतः काढून देईन. पण हे फूल तोडायची वेळ पहाट नाही. ते संध्याकाळी उमलतं, गंध रात्री देतं, आणि काही जातींत पहिल्या दिवशी पांढरं असलेलं फूल दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पीच रंगाकडे जातं. माझ्याकडचं तसं आहे. उमलल्याच्या दुसऱ्या पहाटे तोडलं की रंग चढलेला कुणी पाहतच नाही. त्यावरून वहिनींनी मला सांगितलं, "नर्सरीवाल्याने पांढरं दिलंय तुम्हाला, गुलाबीचे पैसे घेऊन." एक फूल तीन दिवस फांदीवर राहू द्या, मग बोला, असं मी म्हणाले. तीन दिवस ते राहिलंच नाही.

विषाबद्दल मात्र मी आवाज चढवते. पानं, फुलं, बिया, चीक, सगळ्यांत अ‍ॅट्रोपिन, स्कोपोलामिन, हायोसायमिन ही द्रव्यं असतात. पोटात गेलं तर तोंड कोरडं पडतं, अंग लाल होऊन तापतं, नाडी धावते, बाहुल्या मोठ्या होतात, माणूस बरळू लागतो; जीवही जातो. लगेच दवाखान्यात न्यायचं आणि काय खाल्लं ते पान-फूल सोबत न्यायचं. कमी ठाऊक असलेली गोष्ट चिकाची. छाटणी करून त्याच हाताने डोळा चोळला तर त्या डोळ्याची बाहुली मोठी होते आणि नजर धूसर होते. अ‍ॅट्रोपिनचे थेंब डोळ्यांचे डॉक्टर बाहुली मोठी करायला वापरतात, तेच हे. एकाच डोळ्याची बाहुली मोठी झालेली पाहून डॉक्टरांना मेंदूच्या आजाराची शंका येऊ शकते, म्हणून झाडाची गोष्ट त्यांना आधी सांगायची. फुलं तोडून, त्याच हाताने प्रसादाचं खोबरं वाटणाऱ्या मावशींना मी फाटकावर थांबवून हात धुवायला पाणी देते. त्यांना राग येतो. माझ्या दारातून गेलेल्या फुलामुळे कुणाचं लेकरू आजारी पडू नये, यापुढे त्यांच्या रागाची मी फिकीर करत नाही. चिठ्ठीवर 'विषारी, हात धुवा' एवढे शब्द छापायला किती शाई लागते?

बियांच्या पाकिटांबद्दल एकच सांगते. ऑनलाइन निळ्या एंजल ट्रम्पेटचं बी मिळतं. या झाडाला निळं फूल येत नाही. पांढरं, पिवळं, पीच, गुलाबी, केशरी, लाल, एवढेच रंग. खऱ्या बियांवर बुचासारखं जाड, खडबडीत आवरण असतं. पाकिटातल्या चपट्या बिया मी पेरल्या नाहीत, शेजारच्या कॉलेजच्या मुलीने पेरल्या, आणि आला तो धोतरा. पैसे तिच्या खाऊचे होते. आणि यातल्या बऱ्याच जातींना स्वतःच्या परागाने बी धरत नाही. एका गावातली सगळी झाडं एकाच झाडाच्या फांद्यांपासून केलेली असली तर बी धरणं अवघडच. म्हणून फांदीच लावायची.

फांदी पेन्सिलीहून जाड, अंगठ्याएवढी चालेल. पूर्ण हिरवी नको, नुकती तपकिरी होऊ लागलेली हवी. लांबी 15 ते 20 सेंटिमीटर, खालचा काप पेराच्या लगत खाली. वरची एक-दोन पानं अर्धी कापून ठेवायची, बाकीची काढायची. शेंड्याची बाजू वरच राहिली पाहिजे. पानांच्या खुणा बघून खात्री करावी. कोकोपीट आणि जाड वाळूत खोचून सावलीत ठेवली की मुळं धरते. पाण्यात ठेवली तर आधी सालीवर पांढरे फोड उठतात, ती मुळांची चाहूल. पाणी दोन दिवसांनी बदलायचं आणि मुळं दोन-तीन सेंटिमीटरची झाली की मातीत हलवायचं, कारण पाण्यात वाढलेली लांब मुळं ठिसूळ असतात आणि लावताना तुटतात. हार्मोनची पावडर लागत नाही. लवकर फूल हवं, झाड बुटकं हवं, तर बेचक्याच्या वरची फांदी घ्यावी. ती बसल्या उंचीला फुलते. उंच झाड करायचं असेल, खाली बसायला सावली हवी असेल, तर खालची. दोन्ही बरोबर, पण घेणाऱ्याला ठाऊक हवं आपण कोणती नेतोय.

ते कुणी विचारत नाही. "एक काडी द्या की, लागंल तशी लागंल," असं म्हणतात, आणि बहुतेक वेळा मे महिन्यात म्हणतात, कारण तेव्हा सुट्टीत पाहुणे आलेले असतात. मे महिन्यात ग्लासातलं पाणी दुपारी कोमट होतं आणि काडी खालून काळी पडून सडते. मातीत लावली तर मुळं धरण्याआधी वाळते. चोरून आणलेलं रोप चांगलं लागतं या समजुतीने काही जण न विचारता मोडून नेतात. मोडलेली जागा चिरफळते, झाडाला तिथून कीड लागते, आणि नेलेली फांदी हिरवी, कोवळी, कुठेच न रुजणारी असते. फांदी कापायला मी कात्री जाळावर धरून घेते, म्हणजे एका झाडाचा रोग दुसऱ्याला जात नाही. मे महिना सोडून मागितली तर मी कुणालाही देते. सोबत वहीच्या कागदाची चिठ्ठी देते: विषारी आहे, हात धुवा, काळी माती नको, बेचक्याच्या वरची फांदी आहे, मे महिन्यात सावलीत ठेवा. नर्सरीवाल्याला मी त्याचा नमुना नेऊन दिला. त्याने तो गल्ल्याखाली ठेवला आहे. पुढच्या वेळी विचारेन, अजून छापायला टाकला का म्हणून. आणि यंदाच्या सुट्टीत ज्या मावसबहिणीला मी काडी दिली नाही आणि जी अजून माझ्याशी धड बोलत नाही, तिची फांदी मी हेरून ठेवली आहे, बेचक्याच्या वरची, तपकिरी होऊ लागलेली. तिने दसरा झाला की यावं.